चाकावरचं घर, खान्देशचं ऊन : या चुका टाळा

राहत्या ट्रेलरच्या डब्याचं दार लागेनासं झालं की पहिला हात बिजागरीकडे जातो. माझाही तसाच गेला. दाराची खालची कड घासून घेतली आणि दार नीट लागायला लागलं. पंधरा दिवसांनी जमीन वाळली, डबा पुन्हा सरळ झाला आणि दाराखाली बोटभर फट पडली. त्या फटीतून आजही धूळ येते. दोष दारात नव्हताच. डाव्या कोपऱ्याचा जॅक, म्हणजे डब्याला खालून टेकू देणारा पाय, काळ्या मातीत चार बोटं खचला होता आणि सगळ्या सांगाड्याला पीळ बसला होता.

तीन वर्षं आम्ही दोघं सोळा फुटी ट्रेलरमध्ये राहतो. ह्यांचं काम शेतात ठिबक बसवून देण्याचं. यावल, रावेर, चोपडा, कधी शिरपूर, शहादा. जिथे काम तिथे डबा. एका शेतात पंधरा दिवस, कुठे दोन महिने. हे दिवसभर बांधावर असतात, त्यामुळे घरातली दुरुस्ती माझ्याकडे आली आणि मला ती आवडतेही. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. ट्रेलरमध्ये तक्रार एका जागी दिसते आणि तिचं मूळ दुसरीकडेच असतं. पाना घेण्याआधी ते मूळ शोधलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

आधी जमीन, मग घर

तापीकाठची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात भेगांमध्ये हात जातो. ट्रेलरच्या जॅकचं पाऊल तळहाताएवढं, आणि त्यावर येणारा भार तेवढ्याच जागेवर. उन्हाळ्यात दगडासारखी वाटणारी जमीन एका पावसात लोण्यासारखी होते.

शिरपूरकडे एका शेतात एप्रिलमध्ये डबा लावत होतो, तेव्हा शेतमालक अप्पा म्हणाले, "ताई, आठे गाडी उभी करू नका. पानी ऊनं ते फसी जाई." पाऊस आला तर गाडी इथे फसेल, असं त्यांचं म्हणणं. जमीन एवढी टणक होती की आम्ही ऐकलं नाही. आठवड्यात अवकाळी आला आणि एक चाक अर्धं आत गेलं. घाईत मागच्या पाइपाला दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढलं, तो पाइप वाकला. ओढायचं असेल तर मुख्य चासीलाच बांधा, आणि चाकापुढची माती आधी खोदून उतार करून घ्या. मुळात जागेची माहिती शेतमालकाला जेवढी असते तेवढी कोणालाच नसते. पाणी कुठे साचतं, हे पहिल्या दिवशी विचारा.

आता आम्ही मुरमाची जागा शोधतो. ती नसेल तर चाकांखाली आणि चारही जॅकखाली बाभळीच्या दोन इंच जाड फळ्या टाकतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी डावी-उजवी बाजू चाकाखालच्या फळीनं समपातळीत आणायची. मग चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि त्यानंतरच ओढणारी गाडी सोडवायची. पुढचं-मागचं पुढच्या छोट्या चाकानं साधायचं. कोपऱ्याचे जॅक सगळ्यात शेवटी, आणि जमिनीला टेकून थोडेसे ताठ होतील इतकेच फिरवायचे. ते डबा हलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर डबा उचलला की सांगाडा पिळतो, आणि मग दार, खिडक्या, कपाटं सगळीच कुरकुरायला लागतात. गवंड्याची लेव्हल दाराशी ठेवून द्या आणि प्रत्येक पावसानंतर बघा. दार अडलं की आधी लेव्हल, मग बिजागरी.

मुंग्या आल्या तर थांबा

ही चूक जिवावरची आहे, म्हणून मोकळेपणानं सांगते. दाराच्या कडीला हात लावला की मला बारीक मुंग्या यायच्या. पायात चप्पल असली की कमी, ओल्या अंगणात अनवाणी असले की जास्त. मला वाटलं दाराजवळच्या दिव्याची वायर सोलली असेल. तिच्यावर टेप गुंडाळली आणि दोन दिवस तशीच वावरले. दोष दुसऱ्या टोकाला, गिझरच्या कॉइलमध्ये होता. डबा लोखंडी सांगाड्याचा आणि रबरी टायरवर उभा, त्यामुळे गळणारा करंट जमिनीत जायला वाटच नव्हती. तो माझ्या हातातून वाट काढत होता.

मुंग्या आल्या की बाहेरची वायर पुरवठ्यापासून सोडवा आणि वायरमन येईपर्यंत जोडू नका. ट्रेलरमध्ये 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) हवाच, आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघायचं. अर्थिंगचा रॉड प्रत्येक नव्या जागी ठोकायचा. काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात भेगा पडल्या की रॉडभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. रॉडपाशी दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी ओता.

शेतातल्या मोटारीच्या लाइनवरून घरची वायर घेताना स्वतः जोडाजोड करू नका. ती लाइन तीन फेजची असते. न्यूट्रलऐवजी दुसरी फेज जोडली गेली तर 230 च्या जागी 400 च्या वर व्होल्ट घरात येतात. आणि तारेवर चोरून आकडा तर कधीच टाकू नका.

बॅटरी मेली नव्हती

आमचे दिवे आणि पाण्याचा पंप 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. पंप चालू केला की दिवे मंद व्हायचे. दुकानदार म्हणाला बॅटरी संपली. नवी आणली, तरी दिवे मंदच. तेव्हा मल्टिमीटर घेऊन बसले. पंप चालू असताना बॅटरीच्या टोकांवर 12.5 व्होल्ट, पंपाच्या टोकांवर 11.3. मधला जवळजवळ सव्वा व्होल्ट वायरच खात होती. दीड चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन 12 मीटर, आणि पंप ओढत होता 8 अँपिअर. घरच्या 230 व्होल्टला एवढी घट कळतही नाही, पण 12 व्होल्टमध्ये तो दहावा हिस्सा आहे. तिथे 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि घट 0.3 व्होल्टवर आली. जुनी बॅटरी चांगलीच होती.

बॅटरीवर शंका आलीच तर काही तास भार आणि चार्जिंग दोन्ही बंद ठेवून मग मोजा. पाण्याची बॅटरी 12.6 दाखवत असेल तर भरलेली, 12.2 च्या आसपास असेल तर साधारण अर्धी. वायरी पिळून टेप लावण्यापेक्षा टोकाला थिंबल (धातूची छोटी कडी) दाबून स्क्रूनं आवळा. प्रवासातल्या हादऱ्यांनी पिळलेला जोड सैल होतो आणि तापतो. बॅटरीचा खोका मी आधी पश्चिमेच्या भिंतीला ठेवला होता. तापमान 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आता तो पूर्वेकडे आहे आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन बाहेर जायला त्याला वर जाळी आहे.

पंचेचाळीस अंशांतला डबा

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण पत्र्याच्या डब्यात दुपारी दोनला काय होतं ते राहिल्याशिवाय कळत नाही. इथे कोणतंही यंत्र विकत घेण्याआधी डब्याची दिशा बघा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की मावळतीचं ऊन अरुंद बाजूवर पडतं. तो एक बदल पंख्यापेक्षा जास्त कामाचा ठरला.

छतावर ताडपत्री अंथरू नका. मी अंथरली होती. ती स्वतः तापते, उष्णता खाली देते आणि पाऊस आला की खाली ओल धरून ठेवते. त्याऐवजी रोपवाटिकेत असते ती शेडनेट बांबूंवर, छतापासून एक-दीड फूट उंच ताणली. मधून वारा खेळतो, फरक हाताला कळतो. मात्र मे-जूनच्या वादळाचा रंग दिसला की नेट आधी उतरवायची. केळीच्या बागेला लागून डबा लावायचा मोहही टाळा. सावली गार वाटते, पण रात्री डास असतात, आणि ज्या वाऱ्यानं केळी आडव्या होतात त्याच वाऱ्यानं घडासकट खांब छतावर येतो.

कूलर गार हवा देत नाही, घरात घाम सुटतो, ही तक्रार मला कितीतरी जणांनी सांगितली. बहुतेकांच्या खिडक्या बंद होत्या. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, तिला समोरून बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी उघडी ठेवा. पावसाळा लागला की कूलरमधला पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, दमट हवेत तो आणखी ओलावाच घालेल.

फ्रीजचंही तेच. गॅस संपला म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी फ्रीजच्या मागे हात घालून बघा. आमचा फ्रीज प्लायच्या कपाटात चारही बाजूंनी कोंडलेला होता. मागे खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या कापल्या, त्याच दिवशी बर्फ धरायला लागला. सोलर पॅनेल छताला चिकटवून लावू नका, चार बोटं जागा सोडा. तापलं की त्याची वीज दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के कमी होते. झाडाची एक फांदी पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली टाकत असेल तरी बरीच वीज जाते. आम्ही डबा सावलीत आणि पॅनेल वेगळ्या स्टँडवर उन्हात ठेवतो, अर्थात जाड वायर टाकून.

पंप घरघरतो, पाणी येत नाही

पंप उघडायची घाई करू नका. मी उघडला होता, आतला रबरी पडदा चांगला होता आणि बंद करताना त्याचा एक स्क्रू हरवला. आता क्रम असा: टाकीत पाणी आहे का, टाकीचं हवेचं छिद्र मोकळं आहे का, मग पंपाच्या अलीकडचा छोटा फिल्टर. दहातल्या आठ वेळा दोष तिथेच सापडला. त्याच्या वाटीची रबरी रिंग मुडपली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. रिंग धुऊन नीट बसवा, काम झालं. रात्री कोणी नळ उघडलेला नसताना पंप क्षणभर वाजत असेल तर कुठेतरी थेंब गळतोय, सगळ्या जोडांना कोरडा कागद लावून बघा.

इथे खान्देशात राहण्याचा मोठा फायदा आहे. ट्रेलरचे सुटे भाग मागवले तर आठवडे जातात, पण ठिबकचं सामान गावोगावच्या दुकानात मिळतं. 16 मिलिमीटरची काळी नळी, जॉइनर, ग्रोमेट, टेक-ऑफ, एंड कॅप. सिंकचं सांडपाणी डब्यापासून लांब शोषखड्ड्यात नेणं, कूलरची टाकी भरणं, दारातल्या चार कुंड्यांना पाणी देणं, हे सगळं मी याच सामानात केलं. काळ्या नळीत ऊन शिरत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. आधी पारदर्शक नळी होती, ती महिन्यात हिरवी झाली. विहिरीवरून टाकी भरताना मध्ये ठिबकचाच स्क्रीन फिल्टर लावला की गाळ पंपापर्यंत येत नाही. पिण्याच्या पाण्याला मात्र खाद्यपदार्थांसाठीची नळी वेगळीच ठेवा.

बोअरचं पाणी जड असतं. शॉवरची भोकं पांढऱ्या थरानं बुजतात आणि गिझर आवाज करतो. ठिबक साफ करायचं ॲसिड हाताशी असतं म्हणून ते वापरू नका, ते धातूचे जोड खातं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व, तासभर मुरू द्या. ब्लीचिंग पावडर किंवा जंतुनाशक त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो.

गॅस आणि उंदीर

कापूस वेचून झाला की शेतातले उंदीर डब्याकडे वळतात, वायरी कुरतडतात आणि त्यांच्यामागे साप येतात. पहिल्या हिवाळ्यात मी खालची सगळी भोकं एम-सीलनं बुजवली. त्यात स्वयंपाकाच्या ओट्याखालचं, जमिनीलगतचं भोकही गेलं. ते गॅससाठी होतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो आणि त्याच भोकातून बाहेर जातो. ह्यांनी संध्याकाळी पाहिलं आणि तेव्हाच फोडून काढलं. आता तिथे बारीक लोखंडी जाळी आहे. वायरी जातात त्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आहे, ती उंदराला चावता येत नाही. सिलिंडर बाहेरच्या खणात असू द्या, रबरी नळी पाच वर्षांत बदला आणि डबा हलवल्यावर प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यानं जोड तपासा.

निघताना

मागच्या ओट्याखाली 200 लिटरची टाकी भरून निघालो, तर ती आसाच्या मागे 200 किलो असते. राष्ट्रीय महामार्ग 53 वर ट्रक शेजारून गेला की डबा शेपटीसारखा झुलायचा. आम्ही टायरची हवा बघत बसलो होतो. गाडीला जोडायच्या हुकावर डब्याच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा भाग यायला हवा. टाकी रिकामी केली, धान्याचे डबे पुढे आणले, झुलणं थांबलं. टायरवरचे चार आकडेही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. उभ्या डब्याचे टायर झिजत नाहीत, उन्हानं चिरतात. त्यांच्यावर गोणपाट टाका. अर्ध्या तासानं थांबून चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक बघायला हवा.

छताचं काम माझं अजून बाकी आहे. स्वयंपाकाच्या दिव्यापाशी थेंब पडतो, म्हणून दोन वर्षं मी दिव्याच्याच वर सिलिकॉन लावत होते. मागच्या महिन्यात ह्यांना आत बसवलं आणि छतावर खालच्या कडेपासून वर, थोडं थोडं पाणी ओतत गेले. पाणी पुढच्या कोपऱ्यातल्या झरोक्यापाशी शिरत होतं आणि प्लायच्या मागून सहा फूट चालत दिव्याकडे येत होतं. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही, त्यामुळे सगळं खरवडून तिथे ब्यूटाइलची चिकट रबरी पट्टी आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावायचं आहे. मृगाआधी दोन सकाळी लागतील, सहा ते नऊच. नऊनंतर त्या पत्र्यावर हात टेकवत नाही.