शाळेत पोलीस बोलवण्याआधी पोरांचे प्रश्न गोळा करा

कोल्हापुरात लहान पोराला भरवताना आई म्हणते, ‘गप जेव, न्हाईतर पोलीस धरून नेईल.’ तेच पोर आठवीत गेलं की शाळा त्याच्यापुढं फौजदारांना उभं करते आणि सांगते, हे तुमचे मित्र. मधल्या दहा वर्षांची भीती कुणी पुसायची?

मी पहिल्यांदा असा कार्यक्रम घेतला तेव्हा सगळी चूक माझीच होती. मैदानावर साडेतीनशे पोरं, डोक्यावर ऊन, स्वागतगीत, फेटा, नारळ आणि चाळीस मिनिटांचं भाषण. साहेब बोलले चांगलं. पण नंतर वर्गात नववीतल्या एकानं विचारलं, ‘सर, पोलिसांनी हात केला तर थांबायचं का पळायचं?’ चाळीस मिनिटांत त्या प्रश्नाच्या आसपासही कुणी गेलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून मी क्रम उलटा केला. आधी प्रश्न, मग पोलीस.

आधी पेटी

आठवी-नववीसाठी आठ दिवस एक पेटी ठेवा. चिठ्ठीवर नाव नको. पेटी ऑफिससमोर ठेवू नका. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याचं लक्ष असतं, मुली चिठ्ठी टाकत नाहीत. ग्रंथालयाचा कोपरा बरा. दोन शिक्षकांनी, त्यातली एक बाई असावी, चिठ्ठ्या वाचून वेगळ्या काढाव्यात. बहुतेक गाडी, मोबाईल आणि डॉल्बी यांवरच येतात. ‘पोलिसांनीच मारलं तर तक्रार कुठं करायची?’ अशीही एखादी निघते. ती गाळू नका. ज्या चिठ्ठीत कुणाचं स्वतःचं दुखणं दिसतंय ती मात्र सभेत वाचायची नाही. तिचं काय करायचं ते पुढं सांगतो.

पत्र आणि वेळ

पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं, आपल्या हद्दीतल्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना. शहरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी किंवा जुना राजवाडा यांपैकी आपली हद्द कुठली ते आधी बघा. ‘व्याख्यानासाठी अधिकारी पाठवावा’ एवढंच लिहिलंत तर जो मोकळा असेल तो येईल. बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. त्यालाच पाठवा असं लिहा. सोबत निर्भया पथकातल्या, म्हणजे मुलींची छेडछाड रोखणाऱ्या पोलीस पथकातल्या, एखाद्या ताई मागा. प्रश्नांची यादी पत्राला जोडा, म्हणजे येणाऱ्याला तयारी करता येते.

पंचगंगेला पूर आला की, गणपतीत आणि नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीला पोलीस बंदोबस्तात असतात. तेव्हा पत्र पाठवलंत तर दोष त्यांना देऊ नका. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा काळ सगळ्यात चांगला. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात ठाणं पाहायला शाळांना तसंही बोलावतात. आपल्या शाळेत स्टुडंट पोलीस कॅडेट, म्हणजे पोरांना पोलिसांच्या मदतीनं शिस्त आणि कायदा शिकवणारी, योजना आहे का तेही विचारून घ्या. केरळात २०१० मध्ये सुरू झालेली ही योजना २०१८ मध्ये देशभर नेली गेली, आणि ती आठवी-नववीसाठीच आहे.

एक वर्ग, एक विषय

मैदान नको. एक तुकडी, एक तास, एकच विषय. सुरुवात कलमानं करायची नाही, गोष्टीनं करायची. आमची गोष्ट अशी: नववीतला अनिकेत बाबांची मोपेड घेऊन तिघं मिळून रंकाळ्यावर जातो. येताना एका आजींना धक्का लागतो. पाच-पाच जणांचे गट करा आणि विचारा, चूक कुणाची? पोरं अनिकेतला धरतात, मागं बसलेल्यांना धरतात, कुणी आजींनाही. बाबांचं नाव सहसा कुणी घेत नाही.

मग साहेबांनी सांगायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १९९अ कलमाप्रमाणं अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही. इथं वर्ग शांत होतो. मग हमखास हात वर येतो, ‘सोळाव्या वर्षी लायसन मिळतं की!’ मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या दारातली मोपेड त्यात बसत नाही.

पोराच्या वागण्याचा दंड बापाला, हे कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. हे मी मुद्दाम सांगतो. कायदा नुसता बडग्यासाठी नसतो हे पोरांना तिथं पटतं.

दुसऱ्या तासाला स्टेटस घ्या. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं, हे या पोरांना आठवतं. कोण बरोबर, कोण चूक यात शिरू नका, तास हातातून जाईल. एवढंच विचारा: दुसऱ्यानं बनवलेलं आपण नुसतं पुढं ढकललं तर जबाबदारी कुणाची? मैत्रिणीचा खासगी फोटो तिला न विचारता फिरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, ‘गंमत केली’ म्हणून सुटका नाही, हे त्याच तासात येऊ दे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० हा नंबर फळ्यावर लिहा आणि घरी सांगायला लावा, कारण फसतात बहुधा आजोबा.

डॉल्बीवर पोरं भांडतात. भांडू द्या. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, शाळा-दवाखाना-कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, एवढं त्यांच्या वहीत गेलं तरी बास. तालीम मंडळांतली मोठी माणसं गणपतीत काय करतात ते त्यांना माहीतच आहे.

हक्कांचा तास पोलिसांनीच घ्यायचा

हा तास सगळे टाळतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा. १८ वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. ताब्यात घेतलं तर पालकांना कळवावं लागतं आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा कोणत्याही स्त्रीला ठाण्यात यायची सक्ती नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

हे शिक्षकानं सांगितलं तर पुस्तकातलं वाटतं. वर्दीतल्या माणसानं सांगितलं की पोरं मान वर करून ऐकतात. आमच्याकडं आलेल्या ताईंनी ‘थांबायचं का पळायचं’ याचं उत्तर एका दमात दिलं: ‘थांबायचं. खरं नाव सांगायचं. आणि म्हणायचं, घरी फोन लावा.’

वर्गात बोलायला वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लिहा, कार्यालय कसबा बावड्यात न्यायसंकुलात आहे. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेही तेच सांगतील. शहाजी विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी मिळाले तर अभिरूप न्यायालय, म्हणजे लुटुपुटूचा खटला, बसवून घ्या.

बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या

पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, विषय गर्दीत घेऊ नका. लहान गटात, महिला अधिकाऱ्यांकडून घ्या. कुणी मूल तुमच्याजवळ असं काही बोललं किंवा चिठ्ठीत तसं दिसलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमानं कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा. मुलाला खोदून विचारू नका, शाळेची अब्रू आधी मोजू नका. जबाब घेणारे पोलीस साध्या कपड्यांत येतात, मुलाला बरं वाटेल अशा जागी येतात, हे मुलाला आधी सांगा. १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

ठाण्याची भेट

वीस-पंचवीसच पोरं न्या. ठाणे अंमलदारांचं टेबल, स्टेशन डायरी, वायरलेस, तक्रार कशी लिहून घेतात ते बघू दे. हत्यारांपुढं गर्दी होणारच. बाकावर बसलेल्या कुणाकडं बोट दाखवायचं नाही, मोबाईल शाळेतच ठेवायचे.

पेटी लगेच उचलू नका. कार्यक्रम झाल्यावर आणखी पंधरा दिवस राहू दे. आमच्याकडं पहिल्या आठवड्यात नुसत्या गाडीच्या चिठ्ठ्या होत्या. फौजदार येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी घडी घालून घालून बोटाएवढी केलेली एक निघाली. ती वाचून बाईंनी काही न बोलता मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि फोन उचलला.