चोचोचे दोन वेल लावायची हीच वेळ

मृगाचे पाऊस होऊन जमीन वाफशावर आली, की बांधाकडेला किंवा परसात चोचोचे दोन-चार वेल लावून टाका. कुणी याला चायोटे म्हणतं, कर्नाटकात सीमे बदनेकाई, दार्जिलिंगकडे इस्कुस. दुधी-काकडीच्या कुळातला हा वेल मूळ मेक्सिकोकडचा. एकरभर लावा असं मी सांगणार नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक अजून याला दुधी-दोडक्यासारखं ओळखत नाही. आधी घरात शिजू द्या, बाजाराचं नंतर बघू.

याचं सुटं बी मिळत नाही. फळात एकच चपटं बी असतं आणि ते फळातच रुजतं. जून झालेली, घट्ट फळं आणून परडीत सावलीला ठेवा. काही दिवसांत रुंद टोकाची चीर उघडते आणि आतून हिरवा कोंब डोकावतो. कोंब बोटभर झाला की अख्खं फळच लावायचं, कापायचं नाही. पहिल्या वर्षी मी फळं पूर्ण गाडली. आठवडाभर झड लागली, उकरून पाहिलं तर हाताला पांढरा लगदा लागला. आता फळ तिरपं ठेवतो, पाऊण मातीत आणि कोंब मातीच्या वर. दीड फुटाचा खड्डा, त्यात दहा किलो कुजलेलं शेणखत, आणि काळ्या जमिनीत उंचवटा हवाच. पाणी साचलं की वेल गेला म्हणून समजा. दोन खड्ड्यांत सहा ते आठ फूट अंतर सोडा.

आत्ताच का, तर हा वेल दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतो. पावसाळ्यात तो मांडवभर पसरला, तर पितृपक्ष-नवरात्राच्या सुमाराला फुलं दिसतात. फूल सेट झाल्यावर महिनाभरात फळ काढायला येतं. उशिरा लावलेला वेल वाढायच्या आतच थंडीत सापडतो. निफाडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा किती खाली जातो हे वेगळं सांगायला नको, आणि याला दहिवर सोसत नाही. पानं करपली तरी बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा. मूळ जगलं तर वेल पुन्हा फुटतो.

जुनी द्राक्षबाग काढली असेल आणि अँगल-तारा उभ्या असतील, तर याहून चांगला मांडव नाही. पण चालू बागेला खेटून लावू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेवर फवारण्या सुरू होतात, नेमका तेव्हाच चोचो फळावर असतो. याचे कोवळे शेंडेही आपण खाणार, त्यावर औषधाचा तुषार नको. परागीकरण मधमाश्या करतात, म्हणून वेलावरही सकाळी फवारू नका. फळमाशीसाठी गंधसापळे लावा आणि डंखलेली फळं गोळा करून खोल पुरा.

आता ताटाकडे या. शंभर ग्रॅम चोचोत जेमतेम 19 कॅलरी, साधारण साडेचार ग्रॅम कर्बोदकं, 1.7 ग्रॅम तंतू आणि 93 मायक्रोग्रॅम फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) असतं. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत बाळाचा मेंदू आणि मणका नीट घडायला फोलेट लागतं, म्हणून घरात नवी सून असेल तर ही भाजी ताटात जरूर असू द्या. गर्भारपणात दिलेल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र भाजीच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. साखरेच्या रुग्णाला ही भाजी चालते, पण चोचोने मधुमेह बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फोलेट पाण्यात उतरतं, म्हणून उकडून पाणी ओतून देऊ नका. चणाडाळ घालून अंगाबरोबर भाजी करा, नाहीतर आपल्या काळ्या मसाल्यात पातळ रस्सा. फोडी बटाट्यासारख्या विरघळत नाहीत, दाताखाली राहतात आणि मसाला छान धरतात. कोवळं फळ किसून दाण्याचा कूट आणि दही घातलं की कोशिंबीर झाली. थालीपिठातही किस खपतो. सालाची तीळ घालून चटणी होते, दोडक्याच्या शिरांची करतो तशीच. बी टाकू नका, शिजल्यावर मऊ आणि खमंग लागतं. शेंडे लसूण-मिरचीवर परता. चिरताना चिकट चीक सुटतो आणि हात ताठरल्यासारखे होतात. तळव्याला तेल चोळा किंवा पाण्याखाली धरून सोला.

फळ हिरवं, तुकतुकीत आणि नखाला साल मऊ लागते तेव्हाच काढा. चीर उघडू लागलेलं फळ भाजीला राठ असतं. तसली चार-पाच मुद्दाम वेलावरच राहू द्या, लावणीसाठी तीच लागतील.