नोकरी शोधताय? या चुका टाळा

बडोद्याच्या मांजलपुरात आमच्या सोसायटीतली पोरं बायोडेटा दाखवायला माझ्याकडे येतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पैसे घालवूनच येतो, तेही त्याच त्या चुकीने, म्हणून आज लिहायला बसलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नोकरीसाठी पैसे भरणं. माझ्या भाच्याला व्हॉट्सअपवर ऑफर लेटर आलं, इथल्याच मकरपुरा जीआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचं, लोगो, शिक्का, सही सगळं होतं. इंटरव्ह्यू म्हणाल तर चॅटवर चार प्रश्न. आधी १,८५० मेडिकल आणि युनिफॉर्मचे, मग ६,५०० लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, पहिल्या पगारात परत मिळतील म्हणे. दोन्ही वेळा भरले, घरी सांगितलं नाही, तिसऱ्यांदा मागितले तेव्हा माझ्याकडे आला. म्हटलं चल, स्कूटर काढ. गेटवर वॉचमनने लेटर बघितलं आणि आतून एचआरच्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, काका, हे आमचं नाहीच, याआधीही दोन मुलं असंच लेटर घेऊन आली होती. येताना पोरगा मागे बसून एक शब्द बोलला नाही. घरापासून पंधरा मिनिटांवरची कंपनी हो, भरायच्या आधी एक चक्कर मारायला काय झालं होतं?

माझी सवय सांगतो. पत्ता बडोद्यातला असेल तर जाऊन बघायचं, बाहेरचा असेल तर लेटरवरचा नंबर सोडून कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन करायचा. आणि "आजच भरा नाहीतर जागा जाईल" म्हटलं की तिथेच थांबायचं, खरी कंपनी आपल्याला ताटकळत ठेवते, घाई करत नाही.

दुसरं, घरबसल्या टायपिंग. अ‍ॅग्रीमेंटवर सही घेतात, काम मुद्दाम नापास करतात, मग कुणी "वकील" फोन करून कोर्टाच्या नोटिशीची भीती घालतो. घाबरून पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलिसांकडे जा.

टेलिग्रामवर रिव्ह्यू टाकायचे शे-दोनशे खरंच देतात, पुढच्या प्रीपेड टास्कमध्ये, म्हणजे आधी आपण पैसे भरायच्या कामात, हजारो काढून घेतात. आपलं बँक खातं कमिशनवर वापरायला देऊ नका, चोरीचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलिस तुमच्या दारी येतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, कुणी पैसे देतो म्हणून पिन टाकायला सांगितला तर टाकू नका. परदेशातली नोकरी असेल तर एजंट सरकारच्या ईमायग्रेट वेबसाइटवर रजिस्टर आहे का ते आधी बघा.

आणि फसलात तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. आम्ही कंपनीतून आलो त्याच दुपारी लावला, पण भाच्याने लाजेपोटी आधीच नऊ दिवस घालवले होते, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.