‘मॅडम, कॉम्प्युटरचं तेवढं तुम्ही बघा’

भूगोल विभागात रुजू होऊन मला चार महिने झाले होते. बैठकीत चहा यायच्या आधी विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, कॉम्प्युटरचं तेवढं तुम्ही बघा.” तेवढं म्हणजे 32 मशीन, एक सर्व्हर, तीन नेटवर्क स्विच (ज्यांत सगळ्या मशीनच्या केबली येऊन जुळतात ते डबे), दोन प्रिंटर आणि एकाही वायरीवर नाव नाही. याला आता नऊ वर्षं झाली. विद्यापीठाच्या संगणक केंद्राचा माणूस बोलावल्यावर तिसऱ्या दिवशी येतो, तोवर विभागाचं विभागालाच निस्तरावं लागतं. असं ‘तेवढं’ तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हे वाचा.

पहिला आठवडा काही दुरुस्त करायला जाऊ नका. डेडस्टॉक रजिस्टर काखेत मारून खोल्या फिरा. रजिस्टरमधलं कुठलं मशीन जागेवर आहे, कुठलं कुणाच्या केबिनमध्ये गेलंय, कुठलं निर्लेखनाची वाट बघत जिन्याखाली पडलंय, ते लिहून काढा. मग केबल. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची. आमच्याकडे ‘213-4-17’ म्हणजे खोली 213, भिंतीवरचा चौथा पॉइंट, स्विचचं सतरावं पोर्ट. चिठ्ठीवर वरून सेलोटेप मारा, नाहीतर पावसाळ्यात शाई फुटते. हे काम कंटाळवाणं आहे, दोन शिपाई आणि एक शिडी लागते. पण पुढची नऊ वर्षं त्यावरच निघतात.

आता बॅकअप. सगळ्याचा बॅकअप घ्यायचा हट्ट धरलात की डिस्क पुरत नाहीत आणि मग कशाचाच घेतला जात नाही. मी एकच प्रश्न विचारते: हे परत मिळेल का? लँडसॅटच्या उपग्रह प्रतिमा 2008 पासून फुकट मिळतात, गेल्या तर पुन्हा उतरवून घेऊ. पण सीना खोऱ्यातल्या विहिरींची पाणीपातळी आमच्या मुलांनी उन्हातान्हात टेप सोडून मोजलेली आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात परत जाता येत नाही. म्हणून सर्वेक्षण, प्रबंध, अंतर्गत गुण आणि कार्यालयीन पत्रव्यवहार, एवढ्याचाच बॅकअप. आमच्याकडे ते सगळं मिळून एका टेराबाइटच्या आत बसतं.

प्रती तीन. एक सर्व्हरवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या इमारतीत. आमची तिसरी डिस्क ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात असते आणि आठवड्याला बदलली जाते. डिस्क काम झालं की काढून ठेवायची. मशीनला लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होते. “सर्व्हरला दोन डिस्कची रेड आहे, मग बॅकअप कशाला?” असं कुणीतरी विचारतंच. ही रेड म्हणजे तेच सगळं एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिणारी जोडणी. एक डिस्क मेली तर रेड वाचवते. कुणी फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं.

विंडोजवर मी रोबोकॉपी वापरते, म्हणजे फायलींच्या प्रती करणारी विंडोजमधलीच आज्ञा. त्यातला ‘/एमआयआर’ हा पर्याय दुधारी आहे. तो दुसरी बाजू पहिल्या बाजूसारखी हुबेहूब करतो. पहिल्या बाजूला जे नाही, ते दुसऱ्या बाजूचं पुसतो. दुसऱ्या वर्षी मी नवी कोरी डिस्क लावली आणि घाईत डी आणि ई या डिस्कच्या अक्षरांची अदलाबदल केली. रिकाम्या डिस्कची हुबेहूब प्रत तयार झाली, सर्व्हरवर. काळ्या खिडकीत फायलींची नावं सरसर वर सरकत होती आणि मी समाधानाने बघत होते, की काम चाललंय! जुनी प्रत पाच महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळातलं मुलांच्या मूळ कागदी तक्त्यांवरून पुन्हा भरलं. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. तेव्हापासून आधी आज्ञेच्या शेवटी ‘/एल’ लावून चालवते. त्याने काय होणार त्याची फक्त यादी दिसते, होत काहीच नाही. यादी वाचायची, मगच ‘/एल’ काढायचा.

आणखी एक खोच. कुणी फाइल उघडी ठेवून घरी गेलं, तर रोबोकॉपी तिच्यापाशी अडतो आणि 30-30 सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत बसतो. किती वेळा? काही सांगितलं नसेल तर दहा लाख वेळा. म्हणून ‘/आर:2 /डब्ल्यू:5’ द्या, म्हणजे दोनदाच, पाच-पाच सेकंदांनी, आणि सकाळी लॉगमध्ये (त्याच्या कामाच्या नोंदीत) कुठली फाइल राहिली ते बघा.

हे बघणं का महत्त्वाचं, ते भूगोलवाल्यांना लगेच कळेल. शेपफाइल, म्हणजे संगणकावरच्या नकाशाची फाइल, एक दिसते, पण असते निदान तीन फायलींची: एसएचपी, एसएचएक्स आणि माहितीचा तक्ता असलेली डीबीएफ. एका मुलाच्या प्रबंधाची डीबीएफ त्याने एक्सेलमध्ये उघडी ठेवली होती, तेवढीच बॅकअपमधून सुटली. नकाशा आला, पण विहिरींच्या ठिपक्यांना ना गाव ना पातळी. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअपमधली कुठलीही एक फाइल वेगळ्या मशीनवर आणून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. फाइल ‘दिसते’ म्हणून सोडायची नाही. तक्ता उघडून दोन नोंदी वाचायच्या. जुन्या प्रबंधांबरोबर त्यांचे फॉन्टही ठेवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल फॉन्टवाचून उघडली, तर गाइडसुद्धा ओळखत नाहीत.

“नेट गेलं” म्हणून दार वाजलं, तर आधी विचारायचं: एकाचं की सगळ्यांचं? एकाचं असेल तर बहुतेकदा केबल सैल असते किंवा उंदराने कुरतडलेली. मग त्या मशीनचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) बघा. 169.254 ने सुरू होत असेल, तर त्याला पत्ता देणारं कुणी भेटलेलं नाही. आमचे पत्ते 10 ने सुरू होतात, तिथे 192.168 दिसलं, की समजायचं कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीच्या पॉइंटला लावलाय आणि तो आपल्या मनाने पत्ते वाटत सुटलाय. आमच्याकडे तो एका संशोधकाच्या टेबलाखाली, डब्याच्या पिशवीमागे सापडला.

सगळ्यांचंच गेलं आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर लूप, म्हणजे एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला लागलेली. बहुधा झाडलोट करताना लोंबणारं टोक कुणीतरी ‘व्यवस्थित’ त्याच स्विचमध्ये खोचलेलं असतं. निम्म्या केबली काढा. शांत झालं, तर दोष काढलेल्यांत. नाही झालं, तर उरलेल्यांत. असं निम्मं निम्मं करत चार-पाच खेपांत 24 पोर्टांतलं एक सापडतं. चिठ्ठ्या लावल्या असतील, तर परत जोडायला दहा मिनिटं. नसतील, तर संध्याकाळ.

विजेचं थोडक्यात. वळवाच्या पावसाआधी अर्थिंग तपासून घ्या. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू देऊ नका, फायबरच मागा. वीज आसपास पडली की तांब्यातून दोन्हीकडचे स्विच जातात. यूपीएसच्या बॅटऱ्यांचा प्रस्ताव डिसेंबरात टाका, मार्च एंडला कुणी फाइल हातात घेत नाही.

तक्रारी तोंडी घ्यायच्या नाहीत. माझ्या दाराला सुतळीने वही आणि पेन बांधलंय: तारीख, खोली, काय झालं, कधी सुटलं. विभागप्रमुखांनाही तिथेच लिहावं लागतं. पहिल्यांदा ते रागावले, मग त्यांच्याच प्रिंटरच्या सात नोंदी दाखवल्यावर नवा प्रिंटर मंजूर झाला.

सर्व्हरचा पासवर्ड मात्र वहीत लिहू नका. तो पाकिटात घालून, लाखेने बंद करून विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवा आणि बदलला की पाकीटही बदला. बाळंतपणाच्या रजेत असताना मला दवाखान्यात फोन आला होता, पासवर्डमधला तो ‘ओ’ आहे की शून्य, ते विचारायला. आता पाकिटात मोठ्या अक्षरात लिहिते आणि शून्यावर रेघ मारते.