रीफ टँकचा पीएच चढलाय? या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात पीएच मीटरवर ८.६ दिसलं की हात आधी ‘पीएच डाउन’च्या, म्हणजे पीएच उतरवणाऱ्या आम्लाच्या बाटलीकडे जातो. ती बाटली खाली ठेवा. पीएच चढतो तो सहसा दोनच कारणांनी: पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी पडलाय, नाहीतर आपणच अल्कली जास्त घालतोय. आम्ल ओतून यातलं काहीच सुटत नाही. आकडा काही तास उतरतो, मग पुन्हा वर सरकतो. मधल्या वेळात अल्कलिनिटी (पाण्यातला बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा) मात्र खर्च होते, आणि प्रवाळांना सांगाडा बांधायला तीच लागते.

त्याआधी मीटर खरं बोलतोय का, ते बघा. मीटरचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची कांडी, पीएच ७ आणि १० च्या ठरावीक द्रावणांत कॅलिब्रेट करतात, म्हणजे आकडा जुळवून घेतात. १० चं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा स्वतःचाच पीएच उतरतो. मीटर त्यालाच १० समजतो आणि मग टँकचं पाणीही वाढवून दाखवतो. म्हणून कॅलिब्रेशनला दर वेळी ताजं द्रावण घ्या. मोजण्याची वेळही लिहून ठेवा. दिवे बंद व्हायच्या सुमारास पीएच सगळ्यात जास्त असतो, पहाटे सगळ्यात कमी. संध्याकाळी ८.४ आणि सकाळी ८.१ असेल, तर तो टँक ठणठणीत आहे.

आता आपण घालतो त्या अल्कलीकडे वळू: प्रवाळांना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मिळावी म्हणून घालतात ते काल्कवासर, म्हणजे आपली शाळेतली चुन्याची निवळी. नळीने फुंकलं की ती दुधाळ व्हायची, आठवतं? टँकमध्येही तेच घडतं: निवळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकते. संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, त्यामुळे ती थेंबाथेंबानेच जायला हवी. शक्यतो रात्री, जोरदार प्रवाहात, आणि तळाचा गाळ न ढवळता.

माझ्याकडे ही निवळी ऑटो टॉप-ऑफला, म्हणजे उडून गेलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या पंपाला, जोडलेली होती. एका रात्री सम्पमधली (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतली) गोगलगाय फ्लोट स्विचच्या, म्हणजे पाणी पुरेसं भरलं की तरंगत वर येऊन पंप थांबवणाऱ्या बटणाच्या, डोक्यावर चढून बसली. फ्लोट वर येईना, पंप थांबेना. पहाटे पाहिलं तर पाणी ताकासारखं पांढरं, प्रवाळांचे पॉलिप (फुलासारखे छोटे जीव) मिटलेले, हीटरवर चुन्याचा थर आणि मीटरवर ८.९. पंप बंद करून हवा सोडली, दुपारपर्यंत पीएच बराच खाली आला. पण अल्कलिनिटी अवघी ६ डीकेएच (ती मोजायचं एकक) दिसली म्हणून मी घाईघाईने बफर, म्हणजे अल्कलिनिटी वाढवणारं मिश्रण, घातला, आणि पाणी पुन्हा गढूळलं. ती चूक तुम्ही करू नका. पाण्यात चुन्याचे कण तरंगत असताना घातलेला बफर त्यांच्यावरच जाऊन बसतो. आधी पाणी निवळू द्या, पीएच ८.३ च्या खाली येऊ द्या, मगच अल्कलिनिटी हळूहळू वाढवा. टॉप-ऑफला दुसरा फ्लोट आणि टायमर हवाच. त्या दिवसापासून मी त्याशिवाय निवळी जोडत नाही.

पीएच चढलेला असताना अल्कलिनिटी कमी असेल, तर सोडियम कार्बोनेट नको, बायकार्बोनेट घ्या. त्याने पीएच जवळपास जागचा हलत नाही.

हवेबाबत तर बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘हवा सोडली की पीएच वाढतो’ हे खरं, पण पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तेव्हाच. इथे गणित उलटं आहे. पाण्यात तो कमी आहे, हवेत जास्त. म्हणून एअर स्टोनने (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाने) पीएच उतरतो. खात्री हवी तर टँकचं ग्लासभर पाणी बाजूला काढून त्यात तासभर हवा सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला, तर टँकमध्येही हाच उपाय चालेल. ‘खिडक्या उघडा’ हा सल्लाही कमी पीएचसाठीचा आहे. माणसांचा वावर असलेल्या बंद खोलीतली हवा आपल्याला इथे जास्त उपयोगाची.

स्किमरला (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राला) हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइमचा स्क्रबर लावलेला असेल, तर तो आधी काढा. मॅक्रोअल्गीमुळे (मोठ्या शेवाळामुळे) दिवसा पीएच चढत असेल, तर रिफ्युजियमचा, म्हणजे ते शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्याचा, दिवा मुख्य दिवे बंद झाल्यावर लावा.

पीएच फारच चढला आणि मासे धापा टाकायला लागले, तर बिनचवीचं साधं सोडावॉटर प्रवाहात थोडं थोडं घाला, दर वेळी मोजत. त्याने कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि अल्कलिनिटी शाबूत राहते. नव्या टँकमध्ये त्याच वेळी अमोनियाही तपासा. पीएच चढला की त्याचं विषारी रूप वाढतं, आणि एरवी चालून जाणारी मात्रा माशांना बाधते.

सगळं स्थिरावल्यावर हीटर बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. पंपाचं इम्पेलरही काढून त्यात टाका. चुना फसफसून सुटतो; मग स्वच्छ पाण्यात खळबळून परत बसवा.