फिल्टर प्रेसवर नव्याने रुजू होताना

फिल्टर प्रेस म्हणजे कापड लावलेल्या प्लेटांमध्ये गाळ दाबाने भरून त्यातलं पाणी काढणारं मशीन; प्लेटांमध्ये जो घट्ट थर उरतो त्याला केक म्हणतात. या कामावर पहिल्यांदा आलेली मुलं थेट मशीनपुढे जाऊन उभी राहतात. साहजिक आहे, शेडमध्ये डोळ्यांत भरणारी वस्तू तीच असते. माझं म्हणणं एवढंच की आधी मागे स्लज टाकीकडे, म्हणजे गाळाच्या टाकीकडे जा. केक चांगला सुटणार की कापडाला चिकटून राहणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरून गेलेलं असतं.

मी केमिकल इंजिनिअरिंग करून नागपूरजवळ बुटीबोरीत या कामाला लागले. पुढे हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांचा गाळ हाताळला, मैलापाण्याचाही हाताळला. कॉलेजात फिल्ट्रेशनचं समीकरण शिकवतात आणि ते कामाला येतं. पण गाळातलं पाणी काढण्यासाठी एवढा आटापिटा का करायचा, याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. तो आधी समजून घ्या.

टाकीत २ टक्के घन पदार्थ असलेला १०० टन गाळ आहे असं धरू. म्हणजे कोरडा माल २ टन, बाकी सगळं पाणी. केक २० टक्क्यांचा निघाला तर त्याचं वजन १० टन भरतं. ३५ टक्क्यांचा निघाला तर ५.७ टन. माल तेवढाच, पण वाहून न्यायचं वजन जवळपास निम्मं. कारखान्याचा रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडत असेल तर विल्हेवाटीचे पैसे टनावर लागतात. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा आवारात साधारण ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो आणि बाहेर पाठवताना मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा कागद, भरावं लागतं. प्लांट मॅनेजर रोज सकाळी केकचे टक्के का विचारतो, ते यावरून कळेल.

नागपूरच्या उन्हाचा विषय इथे निघतोच. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना वाळवण्याच्या वाफ्यावर पसरलेला गाळ पाहता पाहता तडकतो, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "काहून प्रेस पाहिजे बाप्पा, ऊन फुकट आहे ना!" छोट्या प्लांटला उन्हाळ्यात ते खरंही आहे. पण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की उघडे वाफे कामाचे राहत नाहीत आणि प्लांट तर बारा महिने चालतो. जागाही भरपूर लागते. प्रेस निवडताना पावसाळ्यातला गाळ धरूनच हिशेब करावा, असं माझं ठाम मत आहे.

गाळागाळात फार फरक असतो. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यातला धातूंच्या हायड्रॉक्साइडचा गाळ चुना घालून बसवलेला असतो, त्याचा केक बऱ्याचदा कडक होतो आणि सहज सुटतो. मैलापाण्यातला जैविक गाळ चिकट असतो, पाणी सोडायला तयार नसतो. तेलकट गाळ कापडाची छिद्रं बुजवतो, म्हणून तेल आधीच वेगळं काढायला हवं. पिण्याच्या पाण्याच्या केंद्रातला तुरटीचा गाळ एरवी जेलीसारखा त्रास देतो, पण पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ आलं की त्यातल्या मातीमुळे तोच गाळ बरा गळतो. एका ठिकाणचा रसायनाचा डोस दुसरीकडे लावून चालत नाही, तो याच फरकामुळे.

आता डोसकडे येऊ. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि नव्या माणसानेही इथेच वेळ द्यावा. गाळाचे बारीक कण गोळा करायला पॉलिमर घालतात. त्याची पावडर साधारण ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या द्रावणात करतात. पावडर पाण्याच्या भोवऱ्यात हळूहळू भुरभुरायची, नाहीतर माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात आणि त्या नंतर विरघळत नाहीत. मग पाऊण-एक तास सावकाश ढवळायचं. जोरात ढवळलं तर पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात. पाणी बोअरवेलचं, जड असेल तर काही पॉलिमरचा जोर कमी पडतो, हेही तपासा.

डोस ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. एका बीकरमध्ये गाळ घ्या, मोजून पॉलिमर घाला आणि दुसऱ्या बीकरमध्ये ओता, परत पहिल्यात ओता. असं काही वेळा केलं की कण गोळा होऊ लागतात. गोळ्यांच्या मधलं पाणी नितळ दिसलं आणि आणखी दोन-चार वेळा ओतूनही गोळे फुटले नाहीत, तर डोस जवळपास बरोबर. मग तोच गाळ प्रेसच्या कापडाच्या तुकड्यावर ओता आणि पाणी किती लवकर गळतं ते घड्याळ लावून पाहा. डोस कमी-जास्त करून हीच चाचणी पुन्हा घ्या आणि आकडे वहीत लिहा. जास्त पॉलिमर म्हणजे जास्त चांगलं, असं अजिबात नाही. उरलेला पॉलिमर कापडावर बसतो, गळणारं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं (हातमोजे घालूनच पाहा) आणि केक प्लेटला धरून बसतो.

पॉलिमरऐवजी चुना आणि फेरिक क्लोराइड हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. केक सुटसुटीत येतो. पण घातलेला चुनाही केकमध्येच जातो. प्रयोगशाळेच्या कागदावर ३८ टक्के दिसले तरी त्यातला बराच वाटा चुन्याचा असू शकतो आणि विल्हेवाटीच्या बिलात तोही मोजला जातो. म्हणून टक्क्यांसोबत मूळ गाळाच्या दर टनामागे किती केक निघाला, हे विचारत जा. जैविक गाळात चुना घातला की अमोनियाचा उग्र वास सुटतो, तेव्हा शेड हवेशीर पाहिजे. कापडावर चुन्याचा थर जमला तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवावं लागतं.

एवढं झाल्यावर प्रेस. प्रेस किती मोठी लागेल याचा अंदाज तुम्हीच काढू शकता. रोज ३ टक्क्यांचा १० घनमीटर गाळ म्हणजे सुमारे ३०० किलो कोरडा माल. ३० टक्क्यांचा केक धरला तर १,००० किलो, म्हणजे साधारण ८७० लिटर. एका चेंबरमध्ये, म्हणजे दोन प्लेटांमधल्या पोकळीत, २५ लिटर मावत असेल तर एका खेपेला ३५ चेंबर, नाहीतर दोन खेपांना त्याच्या निम्मे. बहुतेक साध्या प्रेस ७ बार दाबावर चालतात, काही १५ बारवर. मेम्ब्रेन (फुगणाऱ्या पडद्याच्या) प्लेट असतील तर शेवटी हवा किंवा पाणी भरून केक पिळता येतो.

फीड पंप, म्हणजे प्रेसमध्ये गाळ ढकलणारा पंप, सुरू करताना घाई नको. चक्का करताना फडक्यातलं दही आधी टांगून ठेवतो, सुरुवातीलाच पिळलं तर दहीच फडक्यातून बाहेर येतं. जैविक गाळाचं तसंच आहे. पहिल्या मिनिटाला पूर्ण दाब दिला की बारीक कण कापडात घुसतात आणि मग दोन तासांची सायकल (एक पूर्ण खेप) चार तासांवर जाते. दाब टप्प्याटप्प्याने वाढवा. नळांतून येणारी धार थेंबाथेंबावर आली की सायकल संपत आली.

प्रेस खोलल्यावर केक हातात घेऊन मोडून पाहा. मध्यभागी ओला रेंदा असेल तर चेंबर भरायच्या आधीच पंप बंद केलाय किंवा फीड फार पातळ होतं. केकचा थर पातळ असेल तर तो खरवडायलाच लागतो. एखादं चेंबर रिकामं निघालं तर तिथेच थांबा. त्याचं फीडचं भोक बुजलेलं असतं आणि शेजारच्या चेंबरचा दाब एकाच बाजूने पडून प्लेट वाकते, तडकते. प्लेटच्या कडेवर अडकलेला केकचा तुकडाही पुसून काढा, नाहीतर पुढच्या खेपेला तिथूनच पिचकारी उडेल.

सुरक्षेबाबत दोन गोष्टींवर मी कोणाचंही ऐकून घेत नाही. प्लेट सरकत असताना हात आत घालायचा नाही, केक लोंबकळत असला तरी. आणि स्लजच्या संपात (गाळ साठवायच्या खड्ड्यात) गॅस मीटर न लावता, वर माणूस उभा न करता उतरायचं नाही. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो जास्त असला की नाकाला वास येणंच बंद होतं. सांडलेला पॉलिमर नुसत्या पाण्याने धुतला तर फरशी आणखी निसरडी होते. आधी मीठ टाका.

शिकण्याच्या दृष्टीने नागपूर चांगली जागा आहे. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता विद्यापीठ) १९४२ पासून आहे, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, आणि सांडपाण्यावर संशोधन करणारी नीरी १९५८ पासून इथेच आहे. भांडेवाडीच्या मैलापाणी केंद्रातून शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. पाणी एवढं साफ करायचं म्हणजे गाळ निघणारच, तेव्हा या कामाला माणसं लागत राहतील. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांना ऑपरेटर म्हणून, पदवीवाल्यांना प्रोसेस, सर्व्हिस किंवा कापड-प्लेटच्या विक्रीत जागा निघतात. मी पदवीवाल्यांनाही सुरुवातीला शिफ्टमध्ये ऑपरेटरसोबत उभं राहायला सांगते. मुलाखतीला गेलात तर तुम्हीही विचारा: गाळ कुठला, फीडमध्ये घन किती टक्के, कापड किती दिवसांनी बदलता, केक कुठे जातो. या चार प्रश्नांची उत्तरं ज्या प्लांटमध्ये लगेच मिळतात, तिथे शिकायला मिळेल.