ट्राउटसाठी ‘इमर्जर’ माशी: बांधणी आणि वापर

पाण्यातील अळी पृष्ठभागाशी येऊन जुनी कात टाकते, तेव्हा ती काही क्षण पाण्याच्या पापुद्र्यात अडकलेली असते आणि उडू शकत नसल्यामुळे ट्राउट माशाला सहज मिळते. इमर्जर ही गळावर बांधलेली, या अवस्थेची नक्कल करणारी कृत्रिम माशी होय.

१४ किंवा १६ क्रमांकाचा, बारीक तारेचा वक्र गळ घ्यावा. वाकापर्यंत दोरा गुंडाळून तपकिरी तंतूंचे पोट बांधावे. ते बारीकच हवे, कारण जाड पोट पाणी शोषण्याऐवजी तरंगू लागते आणि पोट पापुद्र्याखाली ठेवण्याचा सारा हेतूच फसतो. गळाच्या डोळ्यामागे पांढऱ्या कृत्रिम धाग्याचा उभा खुंट बांधून त्याच्या बुडाशी मोराच्या पिसाच्या तंतूंची छाती करावी, मग कोंबड्याच्या मानेचे पीस खुंटाभोवती आडवे गुंडाळून दोरा घट्ट गाठीने संपवावा. डच मासेमार हान्स व्हान क्लिंकेन यांची प्रसिद्ध ‘क्लिंकहॅमर’ माशी याच तत्त्वावर बांधलेली आहे.

तरंगण्याचे मलम फक्त खुंटाला आणि पिसाला लावावे. पोट थुंकीने भिजवले तरी चालते.

माशाचे तोंड न दिसता केवळ पाठ वर येत असेल आणि मागे बुडबुडा राहत नसेल, तर तो बहुधा पापुद्र्याखालीच खात असतो. अशा वेळी माशी त्याच्यापासून प्रवाहाच्या बरीच वरच्या बाजूला टाकून प्रवाहाच्या गतीनेच वाहू द्यावी. दोरी ताणली जाऊन माशीमागे रेघ उमटली, तर सावध ट्राउट तिच्याकडे सहसा फिरकत नाही. मासा लागल्यावर हिसका न देता काठी सावकाश उचलावी.